कावीळ नव्हती, दादा

सोमवार, १० नोव्हेंबर. तुझ्या औषधांचा डबा उपसायला बसले आहे.

काल तुझं बारावं झालं. आज सकाळी वहिनीने हा पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, ह्यो तुमीच बघा. माजा हात नाय लागत." माझा लागतो. मी ओटीवर पेपर पसरले आणि कामाला लागले. न उघडलेल्या पट्ट्या एका बाजूला, त्या हॉस्पिटलात दुसऱ्या पेशंटसाठी घेतात. तारीख उलटलेल्या दुसऱ्या बाजूला. केमोच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत, कारण त्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्यायच्या असतात. उद्या सगळं नेऊन देणार आहे.

काम सोपं आहे, हात चालू आहेत. पण मन कालपासून दुसरीकडेच आहे आणि ते तू गेलास म्हणून नाही. तू जाणार हे मला पावसाळ्यातच कळलं होतं. त्याचं रडणं मी सीवूड्सला माझ्या घरी बाथरूममध्ये नळ सोडून उरकून घेतलं. हे सायलीचं आहे, तुझ्या लेकीचं.

काल पंगती उठल्यावर तिच्या होणाऱ्या सासूबाई वहिनीशेजारी येऊन बसल्या. उलव्याची माणसं, साधी आहेत, तुला आवडली होती. त्यांनी हळूच विचारलं, नक्की काय झालेलं हो? मी तांब्यातून पाणी वाढत होते. वहिनी म्हणाली, "कावीळ. कावीळ पोटात उतरली."

मी पाणी वाढत राहिले. शेवटच्या दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले होते हे खरं, पण ते लिव्हरपर्यंत पोचलं म्हणून. कावीळ नव्हती, दादा. लहान आतड्याचा कॅन्सर होता. हजारात एखाद्याला नाही, त्याहून कमी लोकांना होतो, आणि तुला झाला. इतका कमी होतो की तो शोधायलाच आपलं निम्मं बळ गेलं. त्याचं नाव घ्यायला तुझ्या बायकोची जीभ वळली नाही.

मग मुलाच्या काकांनी विषय काढला. घरात असं झालंय, लग्न एकतर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं. थांबण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी येऊन तारीख धरू. सगळ्यांनी माना हलवल्या. सायली भांड्यांजवळ उभी होती, तिनेही हलवली. तिचे बाबा कॅन्सरने गेले एवढं तिला माहीत आहे, फायली उचलून तीच फिरत होती. पण तो कॅन्सर आपल्या घरातून चालत आलेला आहे, आणि तो तिच्यापर्यंत आला आहे की नाही हे तपासता येतं, हे तिला माहीत नाही. ते तू सांगणार होतास.

*

डब्याच्या तळाशी लोहाच्या गोळ्या निघाल्या. पार सुरुवातीच्या. पट्टीला गंज चढल्यासारखा रंग आलाय.

तुला आठवतं का, तू कळंबोलीच्या लोखंड बाजारातून दुपारीच घरी यायला लागला होतास. उभं राहवत नाही म्हणालास. वहिनी म्हणाली, ऊन लागलंय. मी म्हटलं, वजनकाट्यावर दिवसभर बसून कसलं ऊन? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निम्म्यावर. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, याने संडासला काळं होईल, घाबरू नका. झालं. तुला काळंच होत होतं. आतून रक्त जात होतं म्हणून काळं, की गोळ्यांनी काळं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासायचंच काम करते. एखादा नंबर जुळला नाही तर गाडी गेटवर रोखून धरते.

गोळ्यांनी थोडं वर यायचं, पुन्हा खाली. जेवलं की पोटात कळ. तोंडातून कॅमेरा घातला, काही नाही, थोडी सूज. खालून घातला, मूळव्याध. तू खूश झालास. दोन्ही टोकं तपासून आलो, आता आत काय उरलं, असं सगळ्यांना सांगत सुटलास. मधलं सगळं उरलं होतं, दादा. वरचा कॅमेरा जिथे थांबतो आणि खालचा जिथे थांबतो त्यांच्यामध्ये कितीतरी फुटांचं आतडं वेटोळं घालून पडलेलं असतं, आणि तिथे कुणी डोकावलंच नव्हतं.

डोकावायचं म्हणाली ती नेरूळच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण. वयाने सायलीपेक्षा थोडी मोठी. तिने तुझे सगळे रिपोर्ट खाली ठेवले आणि म्हणाली, रक्त कुठूनतरी जातंय, आणि आपण जिथे बघितलं तिथून जात नाहीये. मग तिने ती कॅमेऱ्याची गोळी सांगितली, गिळायची आणि फोटो काढत काढत खाली जाते ती. तू एवढा हरखलास की दुसऱ्या दिवशी अख्ख्या लोखंड बाजाराला कळलं. ट्रकवाले तुला विचारत होते, शेठ, पिक्चर कधी लागणार?

आणि मग तिने गोळी दिलीच नाही. आधी सीटी स्कॅन केला. तुला कळा येतात, उलट्या होतात, म्हणजे आतडं कुठेतरी अरुंद झालं असेल. तिथे कॅमेरा अडकला तर ऑपरेशन करूनच काढावा लागेल. तू रुसलास. सीटीत ते दिसलं. लहान आतड्याच्या वरच्या भागात, अंगठीसारखं आवळलेलं. पुढे फुगा लावलेली ती लांब नळी घालून तुकडा काढला आणि बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट यायच्या दिवशी तू मला फोन करून विचारलंस, "बाय, माजा पिक्चर बुडला ना?" मी म्हटलं, हो. एवढंच बोलले. मला तेव्हा आधीच कळलं होतं आणि तुला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

*

लोकरीचे हातमोजेही डब्यातच आहेत. हे कुणाला द्यायचे?

केमोच्या त्या एका सलाइनने तुला थंड काही चालेना. फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांना करंट. गार पाण्याचा घोट घशात काट्यासारखा. गेल्या वर्षी मे महिन्याच्या उकाड्यात तू मोजे घालून, कानाला मफलर गुंडाळून ओटीवर बसायचास आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा. तू सांगायचास, काश्मीरला चाललोय, गाडीची वाट बघतोय. सांगत नव्हतास ते एकच.

मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, आता फक्त भीती वाटते. कारण हे न सांगणं तुझ्यापासून सुरू झालेलं नाही.

गाठ काढायच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला कॅन्सर? आपण दोघं एका सुरात नाही म्हणालो होतो. ठाम. मग तिने वेगळं विचारलं. वडील कशाने गेले? हार्टने. आई? पोटात पाणी झालं होतं. वय? पन्नाशीही गाठली नव्हती. आईचे भाऊ? मोठे मामा आतड्याला पीळ पडून गेले. आजी? इथे तू माझ्याकडे बघितलंस, कारण ते बायकांचं. मी सांगितलं, आजीच्या अंगावरून फार जायचं, त्यातच गेली. डॉक्टरीणबाई कागदावर घरातल्या प्रत्येकासाठी गोल नाहीतर चौकोन काढत होती. एकेक काळा करत गेली. मग पेन ठेवून म्हणाली, हे सगळं एकच असू शकतं.

बाहेर आल्यावर तू जिन्यात थांबलास. "बाय, आपल्या घरान कुनाला कायपन व्हायचा. पानी व्हायचा, पीळ पडायचा. फकस्त कॅन्सर नाय व्हायचा." आपण दोघं जिन्यात हसलो. वॉचमन बघत होता.

तुझ्या गाठीची आणखी तपासणी झाली, मग रक्ताची. पेशी वाढताना चुका होतात, त्या दुरुस्त करणारं एक जीन असतं, ते तुझं जन्मापासून बिघडलेलं होतं. तू लगेच समजलास. "मंजे गेटवरचा चेकर झोपलेला." हो, तसंच. म्हणूनच तुला लहान आतड्याचा, आजीला बहुतेक गर्भाशयाचा, आईला आणि मामांना कुठला ते आता कोण सांगणार. काउन्सेलर म्हणून एक बाई होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की हे तुमच्या सख्ख्या बहिणीत असण्याची शक्यता अर्धी, मुलीत असण्याची शक्यता अर्धी. तपासणी करून घ्या. मुलीला तुम्हीच सांगायला हवं, आम्ही परस्पर सांगू शकत नाही. तू मान डोलावलीस. तुझं ते मान डोलावणं मला लहानपणापासून माहीत आहे. आई अभ्यासाला बस म्हणाली की तू असाच डोलवायचास.

त्याच तपासणीने तुला एक गोष्ट दिली, हेही लिहायला हवं. गाठ या जातीची निघाली म्हणून ते नवं इंजेक्शन देता आलं, शरीराच्या स्वतःच्या शक्तीला जागं करणारं. केमो हरली होती, आजार पोटाच्या आवरणावर पसरला होता, आणि तरीही त्या इंजेक्शनाने तू काही महिने पुन्हा माणसात आलास. तू गाडी काढून करंजा बंदरावर गेलास, स्वतः भाव करून मांदेली आणलीस, वहिनीला म्हणालास कडक तळ. मी रविवारी आले तेव्हा तू तोंडाने काटे काढत बसला होतास आणि मला एकही ठेवली नव्हतीस. त्या दुपारबद्दल मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानलेत. तुझेही मानायचे राहिले. तू बरा झाला नाहीस, पण तू पोटभर जेवलास.

*

मी माझं रक्त देऊन आले. तुला विचारलं नाही, वहिनीला नाही; घरी यांना फक्त सांगितलं की उशीर होईल. रिपोर्ट येईपर्यंत मी माझ्या पोटाचा प्रत्येक आवाज ऐकला. बस थोडी आदळली तरी वाटायचं, आत काहीतरी आहे. ऑफिसात दोन बिलांवर चुकीचे नंबर टाकले, तसं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

माझ्यात निघालं नाही. वॉर्डात येऊन तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आयचा नाक नाय घेतलास, ह्ये पन नाय घेतलास. तू आयचा घेतलास तरी काय?" मग मला खाली पाठवून पेढे आणायला लावलेस आणि अख्ख्या वॉर्डात वाटलेस. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, बहीण पास झाली. दादा, त्या पेढ्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून पुढे जाते.

कारण त्याच संध्याकाळी तू तो हिशेब मांडलास. घरात दोघं भावंडं, एकाला आलं, एकाला नाही, अर्धं-अर्धं झालं, विषय संपला. सायलीचं कशाला काढायचं? मी म्हटलं, असं नसतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. आपल्या मोठ्या काकांचं आठव, दोन मुलींनंतर म्हणाले आता मुलगाच, तिसरीनंतर म्हणाले आता तर नक्कीच, आणि चौथी रेखा झाली. तू हसलास. पण ऐकलं नाहीस.

मी दर आठवड्याला विचारत राहिले आणि तुझी कारणं बदलत राहिली. आधी तिची परीक्षा होती, बँकेतल्या बढतीची. मग स्थळ आलं. मग बोलणी पुढे गेली. शेवटी तू खरं कारण बोललास.

"लगीन होऊ दे. मंग सांग."

"आणि मग तो म्हणेल, फसवलंत."

"तवा म्हनेल. आता म्हनला तर लगीनच नाय होनार."

"तिला निघालं तर आत्तापासून तपासण्या सुरू करता येतात. आतड्याच्या, गर्भाशयाच्या. लवकर सापडतं. तुझं कुठे लवकर सापडलं?"

"तू गप. मी बाप हाय तिचा."

तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली. मी पिशवी उचलली आणि निघाले. रागात होते, पण पुन्हा येऊन भांडू असं धरून चालले होते. पुढच्या वेळी आले तेव्हा तू ग्लानीत होतास. तू मला कुठलं वचन मागितलं नाहीस, मी दिलं नाही. वहिनी मात्र ते घेतलंस असंच धरून चालली आहे. आज सकाळपासून दोनदा म्हणाली, त्यांची इच्छा होती.

तुझी इच्छा होती, हे मलाही माहीत आहे. ती मला मोडता येईल का, हे ठरवता येत नाहीये. म्हणून हे लिहिते आहे. तू समोर असतास तर वाद घातला असता. तू नाहीस म्हणून तुझी बाजूही मलाच मांडावी लागते आणि तुझी बाजू वाईट नाही. मुलीचा बाप गेला. आई सरळ आहे, पण एकटी आहे. मुलगा चांगला आहे. उलव्याच्या घरात ही गोष्ट गेली तर तो मुलगा, निखिल, काय म्हणेल ते मला सांगता येत नाही, त्याची आई काय म्हणेल ते सांगता येतं. आणि रक्त देऊन काहीच निघालं नाही तर उगाच एका जमलेल्या गोष्टीत मी खडा टाकला असं होईल. वहिनी मला जन्मभर माफ करणार नाही. तपासणीत निघालं तरी डॉक्टर सगळं टाळू शकतात असंही नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः कबूल केलं होतं, मोठं आतडं नजरेखाली ठेवता येतं, लहान आतड्यावर पहारा ठेवायची पक्की पद्धत अजून नाही.

हे सगळं मी मांडून बघितलं. दुपार झाली तरी तराजू हलत नव्हता.

*

मग आणखी एक पट्टी हाताला लागली.

पुन्हा लोहाच्या गोळ्यांचीच. मी तारीख उलटलेल्यांत टाकायला उचलली आणि पाहिलं, तारीख पुढच्या वर्षीची. पट्टीतल्या चार गोळ्या संपलेल्या. तुला लोहाच्या गोळ्या बंद करून किती काळ झाला होता; नंतर तुला रक्तच चढवत होते.

वहिनीला हाक मारली. हे कुणाचं?

"ते सायलीचा हाय. तिचा हिमोग्लोबिन कमी आलाय. डॉक्टर म्हनले, पोरींना आसतोच."

बरोबर आहे. असतंच. कितीतरी मुलींचं असतं. तिने बापाच्या मागे धावपळ केली, जेवली नाही, झोपली नाही, म्हणून कमी झालं असेल. तसंच असेल. मी हे स्वतःला तीनदा सांगितलं आणि पेपरवर बसून राहिले. वहिनी म्हणाली, काय झालं, चेहरा का असा? मी विचारलं, तिला संडासला काळं होतं का? वहिनी म्हणाली, "गोळ्यांनी व्हतोच ना."

दादा, मी ती पट्टी वेगळी काढून ठेवली.

मी वहिनीला बसवलं. तुझ्याशी जे वाद घातले ते सगळे तिच्यापुढे मांडले. तिने मध्येच पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "लगीन मोडलं तर? वन्सं, तुमी तुमच्या घरी जाल. मी काय करू?" मी म्हटलं, मी तिला सांगणार. उद्या सकाळी. वहिनी, तुझ्यासमोर, तुझ्या पाठीमागे नाही. त्या माणसांना सांगायचं की नाही ते मी ठरवणार नाही, तूही नाही. तिचं ती ठरवेल. पण तिला माहीत नसताना रविवारी तारीख धरायची नाही.

वहिनी म्हणाली, त्यांना काय वाटंल?

तुला वाईट वाटेल. चालेल. तुला वाईट वाटलेलं मला सहन होईल. दुसरं होणार नाही.

एक मात्र सांगते. मी जिंकले असं मला वाटत नाहीये. हात थंड पडलेत. तुझे मोजे अजून पेपरवरच आहेत. सायली संध्याकाळी बँकेतून येईल, मला विचारेल, आत्या राहणारेस ना आज? आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघून भाकरी थापावी लागेल. तिचा चेहरा फिका आहे का, हे मी आता बघणार. कालपर्यंत बघत नव्हते.

*

मंगळवार.

सकाळी चहा झाल्यावर सांगितलं. स्वयंपाकघरात, वहिनी ओट्याशी पाठ करून उभी. मी काही गोड केलं नाही. आजी, मामा, आई, तू, मी. कुणाला काय झालं, माझं काय निघालं, तिचं काय निघू शकतं. निघालं म्हणजे आजार झाला असं नाही, हेही. लोहाच्या गोळ्यांचंही सांगितलं.

ती रडली नाही. आधी विचारलं, "पप्पांना हे कधीपासून माहीत होतं?" मी खरं सांगितलं. मग वहिनी पाठमोरीच म्हणाली, "माज्या माहेरी कुनाला नाय हां." सायली हसली, म्हणाली, आई, तुझं माहेर टॉपर आहे, माहीत आहे आम्हाला. आणि उठून आंघोळीला गेली.

मी वहिनीकडे बघितलं नाही. औषधांची पिशवी बांधली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मला वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती कपडे करून बाहेर आली, खांद्याला पर्स.

"हॉस्पिटलला चाललीयस ना? मी पण येते."

"आजच रक्त दिलं पाहिजे असं नाही. विचार कर."

"विचार करत बसले तर टेन्शनने मरेन. चल." चपला घालता घालता म्हणाली, "निखिलला मी सांगणार. आज संध्याकाळी. तू त्यात पडायचं नाहीस."

मी म्हटलं, आधी रिपोर्ट तरी येऊ दे, मग सांग.

"आत्या, तू सांगितलंस. थँक यू. आता पुढचं माझं."

वहिनी दाराशी आली नाही.

हॉस्पिटलात मी गोळ्यांची पिशवी फार्मसीत दिली. काउन्सेलरबाई मंगळवारी सकाळी बसतात, त्यांनी मला ओळखलं, तुझं मी त्यांना सांगितलं. मग सायलीला आत बोलावलं. मी सवयीने उठले. तुझ्यासोबत प्रत्येक डॉक्टरकडे मी आत जाऊन बसले, प्रश्न मी विचारले, उत्तरंही बहुतेक मीच दिली. सायलीने हाताने थांबवलं. म्हणाली, तू बाहेर बस. सगळं सांगेन त्यांना, गोळ्यांचं पण. तू बस.

मी बाहेर बसले. रिपोर्टला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत रविवार येणार आहे, उलव्याची माणसं येणार आहेत, किंवा येणार नाहीत. दार बंद होतं आणि आतलं काही ऐकू येत नव्हतं.

फोन वाजला. वहिनी.

"गेली का आत?"

"गेली."

"उपाशी गेलीय ती. चहावर. रगत काडल्यावर चक्कर येते तिला, लहानपनापासनं. कायतरी खायला घाला."

मी खाली कॅन्टीनला जाऊन दोन प्लेट इडली बांधून घेतली, चटणी वेगळी, आणि धावतच वर आले.